उलटे खिळे

माझे वडील नागपुरातल्या एका लहान छापखान्यात खिळेजुळारी होते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, पतपेढ्यांचे वार्षिक अहवाल आणि दिवाळीच्या तोंडावर एखादा विशेषांक, एवढाच त्या छापखान्याचा व्याप होता. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसत असे. वडिलांच्या डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या लहान पट्टीत, शिशाचे खिळे एकापाठोपाठ एक बसत जात आणि बसत असतानाच त्यांचे डोळे ती ओळ वाचून पुढे सरकलेले असत. मला मात्र तिच्यातले एकही अक्षर लागत नसे, कारण खिळ्यावरचे प्रत्येक अक्षर उलटे असते आणि ओळही उलट्या बाजूने चालते. शाई फिरवून कागद दाबला की तीच ओळ मला घडाघडा वाचता येई. एकच मजकूर दोन रूपांत असतो, त्यातले एक रूप वाचण्यासाठी असते आणि दुसरे केवळ छापण्यासाठी असते, ही गोष्ट मी जीवशास्त्राच्या कितीतरी आधी तिथे शिकले. तिचा उपयोग पुढे कुठे होणार आहे, हे तेव्हा कळण्याचे कारण नव्हते.

पुढे मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवू लागले आणि विषाणूंचे प्रकरण दरवर्षी वाट्याला येऊ लागले. माझ्या टिपणवहीत त्याला जेमतेम दीड पान होते. विषाणू सजीव आणि निर्जीव यांच्या सीमेवर असतात, त्यांच्यात डीएनए किंवा आरएनए यांपैकी एकच केंद्रकाम्ल असते, त्याभोवती प्रथिनाचे आवरण असते, त्यांची वाढ फक्त जिवंत पेशीत होते. एवढे सांगून मी फळ्यावर तीन आकृत्या काढत असे. तंबाखूच्या पानांवर केवडा आणणाऱ्या विषाणूची दांडी, फ्लूच्या विषाणूचा काटेरी गोळा आणि जिवाणूभक्षक विषाणूचे ते डोके, मान व सहा पाय असलेले यंत्र. ही तिसरी आकृती मुलांना फार आवडे. चंद्रावर उतरणाऱ्या यानासारखा दिसणारा हा विषाणू माणसाच्या वाट्याला कधीच जात नाही, तरीही विषाणू म्हटले की जगभरच्या पुस्तकांत पहिला मान त्यालाच मिळतो, याचे कारण तो चित्रात देखणा दिसतो यापलीकडे फारसे काही नसावे.

२००३च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांपैकी १८३ दगावली. ताप येई, झटके येत, मूल बेशुद्ध होई आणि पुष्कळदा दोन दिवसांच्या आत सारे संपून जाई. त्या साथीमागे चांदीपुरा नावाचा विषाणू असल्याचे वर्तमानपत्रांत छापून आले, आणि त्याच आठवड्यात एका विद्यार्थ्याने वर्गात हात वर केला. “मॅडम, हा चांदीपुरा आपल्या नागपूरकडचाच ना? मग तो या तिघांतला कोणता?” फळ्यावर तिन्ही आकृत्या होत्या. पहिल्या प्रश्नाला मी होय म्हटले. दुसऱ्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि तास संपल्याची घंटा झाली तेव्हा मला हायसे वाटले हे कबूल केले पाहिजे.

चांदीपुरा विषाणू नागपूरकडचाच आहे. १९६५मध्ये नागपुरात तापाची मोठी साथ पसरली होती आणि तिच्या मुळाशी डेंग्यू व चिकनगुन्या हे दोन विषाणू होते. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासत होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२मध्ये सुरू केलेले हे केंद्र म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. त्या नमुन्यांपैकी दोन रुग्णांच्या रक्तातून एक तिसराच विषाणू हाती लागला. तो डेंग्यूचा नव्हता, चिकनगुन्याचाही नव्हता. जिथून तो मिळाला त्या चांदीपुरा गावाचे नाव त्याला देण्यात आले, आणि १९६७मध्ये भट्ट आणि रॉड्रिग्ज या दोघांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे तो वाळूमाशीत सापडला. वाळूमाशी म्हणजे डासाहूनही लहान, आवाज न करणारी, मातीच्या भिंतींच्या भेगांत दिवस काढणारी माशी. तो सेनेगलमधल्या वाळूमाश्यांतही मिळाला आणि नायजेरियातल्या एका साळूसारख्या लहान काटेरी प्राण्यातही मिळाला. म्हणजे नाव नागपूरचे असले, तरी त्याचा मुक्काम केवळ नागपुरात नव्हता. जवळजवळ चार दशके त्याच्याकडे कोणी फारसे गांभीर्याने पाहिले नाही.

एकाच साथीत, एकाच शहरातल्या रक्ताच्या नमुन्यांत हे तीन विषाणू एकत्र आले होते, ही गोष्ट मला वाचताना नुसता योगायोग वाटली होती. तिन्हींत आरएनएच असते, तिन्हींना कीटक वाहून नेतात आणि तिन्हींमुळे ताप येतो. डॉक्टरच्या दृष्टीने तिघे भाऊ शोभावेत. परंतु विषाणूंच्या वर्गीकरणात डेंग्यू आणि चिकनगुन्या एका बाजूला आहेत आणि चांदीपुरा पलीकडच्या बाजूला आहे. ती बाजू कोणती, हे समजून घ्यायला मला बरीच वर्षे लागली, आणि ते समजले तेव्हा समोर वडिलांची स्टिक उभी राहिली.

आधी त्याच्या बांधणीविषयी सांगितले पाहिजे. विषाणूजवळ मजकूर फार थोडा असतो. चांदीपुऱ्याचा सगळा आरएनए सुमारे ११ हजार अक्षरांचा आहे. माणसाच्या पेशीतला मजकूर ३ अब्ज अक्षरांचा असतो. एवढ्या थोड्या जागेत मोठ्या, गुंतागुंतीच्या आवरणाचा आराखडा लिहिणे शक्य नाही. १९५६मध्ये क्रिक आणि वॉटसन यांनी नेमका हाच हिशेब मांडला होता. मजकूर तोकडा असेल, तर विषाणूला एकच लहान प्रथिन पुन्हापुन्हा बनवून त्यांचीच भिंत रचावी लागेल, आणि एकाच आकाराच्या विटांनी बंद भिंत रचायची तर रचना एक तर मळसूत्रासारखी गोल फिरत जाईल किंवा वीस त्रिकोणी पृष्ठांच्या गोळ्यासारखी होईल. तंबाखूवरच्या विषाणूने पहिला मार्ग घेतला आहे. ३०० नॅनोमीटर लांबीच्या त्याच्या दांडीत एकाच प्रथिनाच्या २,१३० विटा आहेत, आणि प्रत्येक वीट केवळ १५८ अमिनो आम्लांची आहे. १९५५मध्ये फ्रेंकेल-कॉनरात आणि विल्यम्स यांनी या विटा आणि आरएनए वेगवेगळे करून परीक्षानळीत पुन्हा एकत्र केले, तेव्हा दांड्या आपोआप पुन्हा उभ्या राहिल्या आणि पानांना रोग देऊ लागल्या. गवंडी नव्हता, नकाशा पाहणारा कोणी नव्हता. विटेच्या आकारातच भिंत दडलेली होती.

चांदीपुरा याच मळसूत्री घराण्यातला आहे, पण त्याची घडण अधिक चमत्कारिक आहे. बंदुकीची गोळी डोळ्यांसमोर आणावी. एक टोक निमुळते आणि दुसरे सपाट. या कुळाचे नाव ऱ्हॅब्डोव्हिरिडी असे आहे आणि त्यातल्या ग्रीक शब्दाचा अर्थ काठी असा होतो, पण प्राण्यांना होणाऱ्या या कुळातल्या विषाणूंना काठीपेक्षा गोळीच अधिक शोभते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून येणारा रेबीजचा विषाणू याच कुळातला. गोळीच्या आत आरएनएची लांब फीत असते, आणि ती कधीही उघडी नसते. ‘एन’ नावाच्या प्रथिनाचे मणी तिच्यावर एकाला एक लागून बसलेले असतात, आणि चांदीपुऱ्याच्या भावंडांत केलेल्या अभ्यासानुसार प्रत्येक मणी नऊ अक्षरे झाकतो. ही मण्यांची फीत टोकापासून वेढे घेत जाते. पहिले काही वेढे लहान असतात आणि पुढचे सगळे सारख्याच व्यासाचे असतात, म्हणून टोक निमुळते आणि खोड सरळ होते. तिच्यावर ‘एम’ प्रथिनाचा थर बसून वेढे घट्ट धरून ठेवतो. त्याच्याही बाहेर पेशीतून निघताना पांघरून आणलेले स्निग्ध पटल असते आणि त्या पटलातून ‘जी’ प्रथिनाचे खुंट बाहेर डोकावत असतात. राहिली दोन प्रथिने, ‘पी’ आणि ‘एल’. ती आत फितीला बिलगून असतात आणि संख्येने इतरांहून कमी असतात. एन, पी, एम, जी, एल. पाच प्रथिने आणि एक फीत, एवढाच या विषाणूचा संसार आहे.

या पाचांतले ‘एल’ पाहिले की आश्चर्य वाटते. ११ हजार अक्षरांपैकी निम्म्याहून अधिक अक्षरे या एकट्याच्या जनुकाने अडवलेली आहेत. जिथे प्रत्येक अक्षराची काटकसर केलेली आहे, तिथे एका प्रथिनावर अर्धी संपत्ती का खर्च झाली असावी? त्याचे उत्तर त्या फितीवरच्या मजकुराच्या दिशेत आहे.

पेशी प्रथिन बनवते ते संदेशवाहक आरएनए वाचून. रायबोसोम त्या आरएनएवर एका टोकाकडून चढतो, तीन-तीन अक्षरे वाचत जातो आणि त्याप्रमाणे अमिनो आम्ले ओवत जातो. डेंग्यूचा आणि चिकनगुन्याचा आरएनए या वाचनासाठी तयारच असतो. तो पेशीत शिरला की पेशी त्याला आपलाच संदेश समजते आणि वाचू लागते. याला धन आरएनए म्हणतात. पोलिओचाही असाच असतो, आणि प्रथिनाचे आवरण काढून टाकून त्याचा नुसता आरएनए पेशीत सोडला तरी तिच्यातून पोलिओचे विषाणू तयार होतात. चांदीपुऱ्याचा आरएनए ऋण असतो. त्याच्यावरचे प्रत्येक अक्षर संदेशातल्या अक्षराच्या जोडीदाराचे असते, म्हणजे ‘ए’च्या जागी ‘यू’ आणि ‘जी’च्या जागी ‘सी’, आणि दिशाही उलट असते. तो तसाच उघडा करून पेशीत सोडला तर काहीही घडत नाही. रायबोसोमला त्यातले अक्षरही लागत नाही.

हे खिळे आहेत, हे मला तेव्हा उमगले. आरशाची उपमा इथे काटेकोर नाही हे खरे. खिळ्यावर तेच अक्षर उलटे असते आणि इथे अक्षराच्या जागी त्याचा जोडीदार असतो. तरीही तत्त्व तेच आहे. एक रूप वाचण्याचे आणि दुसरे छापण्याचे. वडील तेव्हा थकले होते आणि छापखाना बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. एका संध्याकाळी मी त्यांना सांगितले, की बाबा, हा जो चांदीपुऱ्याचा विषाणू आहे ना, त्याच्या आत सगळा मजकूर खिळ्यांसारखा उलटा असतो आणि आपल्या पेशीला तो वाचता येत नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मग कागदावर उठवतं कोण?”

हाच प्रश्न बोस्टनजवळच्या एमआयटीत डेव्हिड बाल्टिमोर, अ‍ॅलिस हुआंग आणि मार्था स्टॅम्फर यांनी स्वतःला विचारला होता. त्यांच्यापुढचा विषाणू गुराढोरांच्या आणि घोड्यांच्या तोंडात फोड आणणारा, म्हणजे चांदीपुऱ्याचा सख्खा भाऊ होता. दोघांचीही प्रजाती एकच, व्हेसिक्युलोव्हायरस. आरएनएवरून आरएनए छापणारे विकर पेशीकडे नसते, कारण पेशीला त्याची गरजच पडत नाही. तिचा मूळ मजकूर डीएनएत असतो. तेव्हा ऋण आरएनए घेऊन येणारा विषाणू जर पेशीत वाढत असेल, तर छपाईचे यंत्र त्याने स्वतःबरोबर आणलेले असले पाहिजे. त्यांनी विषाणूचे शुद्ध कण घेतले, त्यांचे पटल सैल केले, परीक्षानळीत आरएनएची सुटी अक्षरे पुरवली आणि पाहिले. पेशी कुठेही नसताना कणांनी आरएनए छापायला सुरुवात केली. हे १९७०चे. ते यंत्र म्हणजे ‘एल’ आणि त्याचा मदतनीस ‘पी’. अर्धी संपत्ती त्या यंत्रावर खर्च झाली होती.

आणि बाल्टिमोर तिथे थांबले नाहीत, ही या गोष्टीतली मला सर्वांत आवडणारी बाजू आहे. एका विषाणूने यंत्र बरोबर आणले असेल, तर दुसऱ्यानेही आणले असेल, आणि कदाचित वेगळे आणले असेल, असे म्हणून त्यांनी प्राण्यांत कर्करोग घडवणाऱ्या आरएनए विषाणूंचे कण त्याच पद्धतीने तपासले. त्यांच्यात आरएनएवरून चक्क डीएनए लिहिणारे यंत्र निघाले. हॉवर्ड टेमिन आणि त्यांचे सहकारी मिझुतानी यांना त्याच सुमारास स्वतंत्रपणे तेच सापडले. त्याआधी माहितीचा प्रवास डीएनएकडून आरएनएकडे एवढाच मानला जात असे. १९७५चे नोबेल पारितोषिक बाल्टिमोर, टेमिन आणि डल्बेको यांना मिळाले, आणि पुढे एचआयव्हीचा विषाणू सापडला तेव्हा तो याच यंत्राचा मालक निघाला. एवढ्या मोठ्या शोधाची वाट गुरांच्या तोंडातल्या फोडांवरून गेली होती, हे पाठ्यपुस्तकात आले असते तर मुलांच्या लक्षात राहिले असते.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर बाल्टिमोर यांच्या पुढच्या वर्षीच्या, म्हणजे १९७१च्या लेखात होते. तोपर्यंत विषाणू जुळवले जात ते रोगावरून, ज्या अवयवावर हल्ला होतो त्यावरून, कोण वाहून नेतो त्यावरून किंवा सूक्ष्मदर्शकातल्या आकारावरून. मुळात विषाणूंची ओळखच नकाराने झाली होती. १८९२मध्ये इव्हानोव्हस्की यांनी रोगट तंबाखूचा रस जिवाणू अडवणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून गाळला आणि गाळलेल्या रसाने पुन्हा रोग झाला. १८९८मध्ये बायरिंक यांनी त्याला जिवंत संसर्गकारी द्रव म्हटले. गाळणीत अडकत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही, पेशीबाहेर वाढत नाही, अशा तीन ‘नाहीं’च्या टोपलीत काय काय येऊन पडले असेल याची कल्पना करावी. १९७१मध्ये बाल्टिमोर यांनी सगळ्या विषाणूंना एकच प्रश्न विचारला. तुझ्यापाशी जे काही आहे, त्यावरून संदेशवाहक आरएनएपर्यंत तू कसा पोचतोस? कारण रोग कोणताही असो, आकार कोणताही असो, प्रथिने बनवून घ्यायची तर प्रत्येकाला पेशीच्या रायबोसोमपुढे सुलटा कागद ठेवावाच लागतो. देवी आणि नागीण यांचे विषाणू दुपदरी डीएनए घेऊन येतात आणि पेशीच्याच धर्तीवर छपाई करतात. काहींचा डीएनए एकपदरी असतो. तो आधी दुपदरी करून घ्यावा लागतो. लहान मुलांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसचा आरएनए दुपदरी असतो. पोलिओ, डेंग्यू, चिकनगुन्या आणि करोना धन बाजूला बसतात. गोवर, फ्लू, रेबीज आणि चांदीपुरा हे ऋण. एचआयव्ही आरएनएवरून डीएनए लिहून मग त्यावरून पुन्हा आरएनए छापतो. कावीळ आणणाऱ्या हेपटायटिस बीची वाट आणखीच वाकडी असल्याने मूळच्या सहा गटांत पुढे सातवा वाढवावा लागला.

या मांडणीने रोगाच्या नात्याला किंमत दिली नाही. एकाच शहरात, एकाच साथीत, एकसारखाच ताप घेऊन आलेल्या तीन विषाणूंपैकी दोघे चौथ्या गटात गेले आणि तिसरा पाचव्या गटात. वाळूमाशीने आणलेला चांदीपुरा गोवराच्या शेजारी जाऊन बसला, जो कोणत्याही माशीने येत नाही. आंतरराष्ट्रीय समितीचे अधिकृत वर्गीकरण यापेक्षा पुष्कळ विस्तृत आहे. त्यात सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुळ असे सगळे मजले आहेत आणि चांदीपुऱ्याचा गण मोनोनेगाव्हायरलीस हा आहे, म्हणजे एकाच सलग तुकड्यात ऋण मजकूर बाळगणारे. पण मला वर्गात कधी एक वाक्य सांगायचे झाले असते, तर मी तो प्रश्नच सांगितला असता.

आता छपाई. वाळूमाशी चावते आणि विषाणू रक्तात येतो. ‘जी’चे खुंट पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना चिकटतात, पेशी आपल्या पटलाची घडी आत ओढून घेते आणि विषाणू एका इवल्याशा पिशवीत बंद होतो. ही पिशवी आत जाता जाता आम्लयुक्त होत जाते. पेशीच्या दृष्टीने ही पचनाची तयारी असते, पण आम्ल लागताच ‘जी’ची घडी मोडून तो उलगडतो, विषाणूचे पटल पिशवीच्या पटलात मिसळते आणि मण्यांची फीत पेशीच्या द्रवात उतरते. ‘एम’चा थर सुटून जातो. या घटकेला पेशी फोडून आत संसर्ग देऊ शकेल असा कण शोधला तर एकही सापडत नाही. जिवाणूभक्षकांवर काम करणाऱ्यांना हा प्रकार १९४०च्या दशकातच दिसला होता, आणि त्यांनी त्या कालावधीला ग्रहणकाळ असे नाव दिले. मी आयुष्यभर ज्याची आकृती काढत होते तो कण या सगळ्या काळात अस्तित्वातच नसतो, हे मला प्रथम वाचले तेव्हा पचायला जड गेले. विषाणूचे म्हणून जे काही कर्तृत्व आहे ते सगळे त्याला आकार नसताना घडते.

‘एल’ फितीच्या एका ठराविक टोकावर बसतो आणि छापत निघतो. जनुके ओळीने आहेत: एन, पी, एम, जी आणि शेवटी स्वतः एल. प्रत्येक जनुकाच्या शेवटी थांबण्याची खूण आहे. तिथे एक संदेश पुरा होतो, सुटतो आणि यंत्र पुढच्या जनुकावर नव्याने सुरुवात करते. पण प्रत्येक थांब्यावर काही यंत्रे फितीवरून गळून पडतात, आणि गळलेल्या यंत्राला पुन्हा पहिल्या टोकाकडूनच यावे लागते. आमच्याकडच्या पंगतीत वाढपी नेहमी एकाच टोकाकडून निघे आणि बासुंदीचे भांडे शेवटच्या पानापर्यंत क्वचितच पोचे, तसाच हा हिशेब आहे. ‘एन’च्या प्रती सर्वांत जास्त, ‘पी’च्या त्याहून कमी, असे करत करत शेवटच्या ‘एल’च्या प्रती सर्वांत थोड्या. आणि विषाणूला नेमके हेच हवे असते. फीत झाकायला ‘एन’चे मणी हजाराहून अधिक लागतात, यंत्रे मात्र एका कणात पन्नासेक पुरतात. कशाच्या किती प्रती काढायच्या याची कोणतीही सूचना मजकुरात लिहिलेली नाही. ओळीत कोण कुठे बसला आहे, हीच सूचना. १९९८मध्ये गुरांच्या तोंडफोडीच्या त्या भावंड विषाणूतले ‘एन’चे जनुक पहिल्या पानावरून उठवून मागे बसवण्यात आले, तेव्हा ते जितके मागे गेले तितका विषाणू दुबळा होत गेला आणि उंदरांना मारीनासा झाला. मजकूर तोच होता, फक्त पंगत बदलली होती.

मात्र संदेश छापून प्रथिने मिळाली तरी मूळ फितीच्या प्रती निघालेल्या नसतात. त्यासाठी थांब्यांच्या खुणा न जुमानता सगळी ११ हजार अक्षरे सलग छापावी लागतात, आणि निघालेली प्रत धन असते, म्हणून तिच्यावरून पुन्हा एकदा ऋण प्रत काढावी लागते. यंत्र तेच असताना ते थांब्यांवर थांबणे कधी सोडते? ‘एन’चे मणी पुरेसे साठले की. नवा आरएनए यंत्रातून बाहेर पडत असतानाच त्याच्यावर मणी चढू लागतात आणि मणी चढलेल्या फितीसाठी थांब्याची खूण उरत नाही. म्हणजे पहिल्या पानावर वाढले गेलेले प्रथिनच पुरेसे झाले की संदेश थांबवून ग्रंथ छापायला घ्या असे सांगते. छापखान्यातला कोणताही फोरमन याहून चांगला निर्णय घेऊ शकला असता असे मला वाटत नाही.

तोवर ‘एम’ दुसरीकडे कामाला लागलेला असतो. चांदीपुऱ्याचे आणि त्याच्या सख्ख्या भावंडांचे ‘एम’ प्रथिन पेशीच्या केंद्रकाची दारे अडवते, त्यामुळे पेशीचे स्वतःचे संदेश आतच अडकून पडतात आणि रायबोसोम विषाणूच्या संदेशांसाठी मोकळे राहतात. रेबीजने मेलेल्या प्राण्यांच्या मेंदूत १९०३मध्ये नेग्री यांना जे गोल ठिपके दिसले होते आणि ज्यांच्यावरून पुढे अनेक दशके रोगाचे निदान होत राहिले, ते ठिपके म्हणजे विषाणूची छपाई जिथे चालते त्याच जागा आहेत, हे आता कळले आहे. शेवटी नव्या फिती पेशीच्या पटलाकडे जातात, ‘एम’ त्यांना घट्ट गुंडाळतो, पटलात ‘जी’चे खुंट आधीच रोवलेले असतात, आणि गोळीच्या आकाराची कळी पेशीबाहेर फुटते. वेष्टन आणि मजकूर यांची ताटातूट इतकी सोपी आहे, की त्याच भावंड विषाणूचा ‘जी’ काढून तिथे इबोलाचा खुंट बसवून इबोलाची लस तयार करण्यात आली आणि २०१९मध्ये तिला मान्यताही मिळाली.

या छापखान्यात एक माणूस नाही, तो म्हणजे मुद्रितशोधक. वडिलांचे आणि त्यांच्या मुद्रितशोधकाचे नेहमी वाजत असे, ऱ्हस्वदीर्घावरून तर हमखास, पण त्याने तपासल्याशिवाय फर्मा यंत्रावर चढत नसे. करोनाच्या घराण्यासारखे थोडे अपवाद सोडले, तर आरएनए विषाणूंना चूक सुधारणारी सोयच नाही. दहा हजार ते लाख अक्षरांमागे एक चूक होते असे मानले, तर चांदीपुऱ्याच्या दर काही प्रतींमागे एखादी चुकीची निघणारच, आणि एका पेशीतून हजारो प्रती निघतात. बहुतेक चुका प्रत बिघडवतात. काही बिघडवत नाहीत. एका विषाणूचा मजकूर असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात थोड्या थोड्या फरकाच्या असंख्य प्रतींची ती एक सरासरी असते.

आणि या सरासरीला आपण एका गावाचे नाव दिले आहे. २००७मध्ये हा विषाणू नागपूर विभागातच मुलांच्या मेंदूज्वरातून परत आला आणि २०२४च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये त्याने पुन्हा मुले नेली. प्रत्येक साथीत बातम्यांमधून चांदीपुरा हे नाव मृत्यूच्या आकड्याशेजारी छापले जाते, आणि मला तिथल्या लोकांविषयी वाईट वाटते. त्यांनी फक्त रक्ताचा नमुना दिला होता. इबोला ही नदी आहे, झिका हे जंगल आहे, कॅसनूर हे कर्नाटकातले वन आहे. अमेरिकेत १९९३मध्ये एका नव्या विषाणूला जागेचे नाव देण्याला स्थानिकांनी विरोध केला, तेव्हा अखेर त्याचे नाव सिन नोम्ब्रे ठेवले गेले, स्पॅनिशमध्ये ‘नाव नसलेला’. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५पासून नव्या रोगांना गावांची नावे देऊ नयेत असे सांगितले आहे, पण जुनी नावे राहिलीच. नव्या द्विनाम पद्धतीत चांदीपुऱ्याच्या विषाणूचे अधिकृत नाव व्हेसिक्युलोव्हायरस चांदीपुरा असे आहे. त्याच्यावर औषध नाही, लसही नाही. पावसाळ्याआधी भिंतींच्या भेगा बुजवाव्यात, गोठा घरापासून दूर असावा, फवारणी करून घ्यावी, मुलांना मच्छरदाणीत निजवावे, एवढेच आरोग्यसेविका सांगत फिरतात, आणि तेवढेच खरे उपयोगाचे आहे.

मी आता निवृत्त आहे. शेजारची मुलगी यंदा अकरावीला आहे आणि विषाणूंचे प्रकरण घेऊन ती परवा माझ्याकडे आली होती. तिच्या वहीत ते सहा पायांचे यंत्र होते, सुबक, रंगवलेले. मी पेन्सिल घेऊन नव्या पानावर एक आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर ओळीने पाच अक्षरे लिहिली, एन, पी, एम, जी आणि एल, शेवटच्याला अर्ध्याहून जास्त जागा दिली आणि डाव्या टोकाला एक बाण काढला. तिने वही स्वतःकडे ओढून घेतली, बराच वेळ त्या रेघेकडे पाहिले आणि विचारले, “काकू, पण आकृती कुठाय?”